पालथं ताट

गीताबाईच्या गळ्यात तिची सवत होती. रुपयाएवढा चांदीचा टाक, त्यावर हात जोडून उभी राहिलेली बाई, नाकडोळे झिजून सपाट झालेले. लग्न लागलं त्याच दिवशी सासूनं तो काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातला होता. अर्जुनरावांची पहिली बायको तुळजाबाई पहिल्याच बाळंतपणात गेली होती, आणि पहिलीला गळ्यात मिरवल्याशिवाय ती दुसरीला सुखानं नांदू देत नाही, हा आपल्याकडचा जुना दंडक. पुढं अर्जुनरावही वारले. तेव्हा आयाबाया म्हणाल्या, आता तरी काढ तो दोरा. गीताबाई म्हणाली, नवरा मेला म्हणून सवत मरत नसते.

तसं दोघींचं फार गुळपीठ होतं अशातला भाग नाही. म्हैस आटली, लोणच्याला बुरा आला, की गीताबाई टाकाकडं बघून म्हणायची, झालं का समाधान. पण पितृपंधरवड्यात अविधवा नवमी यायची, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायांचा दिवस, तेव्हा भांडण बंद. त्या दिवशी तुळजाबाईच्याच चांदीच्या ताटात पुरणाचं जेवण वाढायचं, टाक पाटावर ठेवायचा, आणि म्हणायचं, जेव बाई, तुझंच ताट हाय.

ताट खरंच तिचं होतं. तुळजाबाईचं माहेर शिरूर कासारकडचं, बाप बैलांचा व्यापारी. जमीन सगळी खडकाळ, कुसळं उगवणारी, पण माणूस दिलदार. लेकीच्या लग्नात त्यानं चांदीचं आंदण दिलं: मोठं ताट, वाट्या, तांब्या, फुलपात्र, पानदान, अत्तरदाणी आणि लांब मानेची गुलाबदाणी. प्रत्येक भांड्याच्या बुडाला टोच्यानं टिंब टिंब ठोकून अक्षरं घातलेली: 'चि. सौ. कां. तुळजा हिस वडिलांकडून आंदण, शिरूर.' त्याआधी अर्जुनरावांच्या घरात रान होतं, गडीमाणसं होती, तांब्यापितळेची भांडी पोत्यानं होती. चांदीचा चमचा नव्हता.

लेक गेली तरी त्या बापानं भांडी परत मागितली नाहीत. उलट तिच्या जागी आलेल्या गीताबाईलाच लेक मानलं आणि जिवंत होता तोवर दर दिवाळीला लुगडं धाडलं. आता त्या घरचा बैलबाजार संपला. त्याचा नातू हरिबा बायकोसकट दरसाल ऊस तोडायला जातो. पण टोळी निघायच्या आधी आत्याला भेटल्याशिवाय जात नाही, येताना कधी शेंगा आणतो, कधी नुसताच येतो.

गीताबाई शाळेत दुसरीपर्यंत गेली होती. पुढचं सगळं वाचन अडखळत. पण तुळजाबाईच्या नावाची ती ओळ तिला घडघड वाचता यायची, कारण भांडी घासताना ती रोज अंगठ्याखाली यायची.

आता तिचा मुलगा विजयसिंह. धरणाच्या पाण्यावर ऊस झाला, उसावर पैसा झाला, आणि पैशावर माजलगावला बंगला झाला. यंदा त्याला कारखान्याच्या निवडणुकीत उभं राहायचं होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर वास्तुशांत ठरली, तालुक्यातली बडी माणसं जेवायला यायची होती, आणि ज्यांच्या शब्दावर पॅनल ठरतं ते मोठे साहेबही. सून राजनंदिनीनं कुठल्याशा हॉटेलात भिंतीवर जुनी चांदी काचेत लावलेली बघितली होती. आपल्याही हॉलमध्ये तसंच पाहिजे म्हणाली. गीताबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. ट्रंकेत पडून काळी पडण्यापेक्षा चार लोकांनी बघितलेली बरी.

त्यासाठी अंबाजोगाईहून राधाकिशन फ्रेमवाल्याला बोलावलं. त्याचं दुकान पुढाऱ्यांच्या फोटोवर आणि वारलेल्यांच्या फोटोवर चालायचं, कधी कधी एकाच माणसाचे दोन्ही एकाच वर्षात. बोलायला गोड, आणि ज्याचं मीठ समोर दिसेल त्याच्या बाजूनं मान हलवणारा. त्यानं भिंत मोजली, सागवानी खोल पेटी करू म्हणाला, आत लाल मखमल, भांडी पितळी आकड्यांनी धरायची, वरून काच, आणि कोपऱ्यात खडूचे तुकडे लपवायचे म्हणजे चांदी लवकर काळवंडत नाही. त्याआधी सगळी भांडी सराफाकडून उजळून आणा.

मधली जागा मोठ्या ताटाची. बाकीची भांडी त्याच्याभोवती.

भांडी सराफाकडं गेली. ताट तेवढं राहिलं, कारण नवमी होऊन दोनच दिवस झाले होते आणि गीताबाईनं ते धुऊन, धोतराच्या फडक्यात बांधून आपल्या ट्रंकेत ठेवलं होतं. पाठवू सवडीनं म्हणाली, आणि विसरली. तिचं विसरणं कामाला आलं.

भांडी परत आली तेव्हा आरशासारखी लखलखत होती. राजनंदिनी एकेक भांडं उजेडात धरून फोनवर फोटो काढत होती. गीताबाईनं सवयीनं तांब्या उचलला, सवयीनं बुडाखाली अंगठा फिरवला, आणि थांबली. बूड गुळगुळीत. वाटी उपडी करून बघितली, फुलपात्र बघितलं, पानदान बघितलं. कुठं एक टिंब शिल्लक नव्हतं.

सराफाची चूक म्हणावी तर एवढ्या भांड्यांवर एकसारखी चूक होत नाही. तिनं सुनेला विचारलं. राजनंदिनी म्हणाली, ह्यांनीच सांगितलं होतं तसं, जुनी खरडलेली अक्षरं वाईट दिसतात. म्हणजे विजयसिंहानं. संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा गीताबाईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, आणि त्यानं सरळ सांगून टाकलं. गेल्या वर्षभर तो लोकांना सांगत आला होता की ही चांदी निजाम सरकारनं त्याच्या पणजोबाला मानाची म्हणून दिली. आधी एका सभेत बोलता बोलता तोंडातून गेलं, मग लोक विचारायला लागले, मग मागं घेता येईना. आता साहेबांनाही तेच सांगितलेलं.

पणजोबाला निजामानं काही दिलं असेल तर सारा भरला नाही म्हणून फटके दिले असतील, असं गीताबाई म्हणाली.

विजयसिंह हसला नाही. म्हणाला, "आई, तुला राजकारण कळत न्हाई. शिरूरच्या बैलवाल्याच्या भांड्यावर कुणी निवडणूक जिंकलीय का? माणसाला घराणं लागतं."

"घराणं लागतं तर सोताचं लाव," गीताबाई म्हणाली. "मेलेल्या बाईचं कावून लावतो?"

"ती मी जन्मायच्या आधी गेली. तिला ओळखतं कोण?"

प्रश्न खरा होता. तुळजाबाईला मूल राहिलं नव्हतं, फोटो काढलेला नव्हता. घरात तिचं नाव कुणी तोंडानं घ्यायचं नाही, घेतलं तर ती ऐकते, म्हणून सगळे नुसतं थोरली म्हणायचे. नाव होतं ते भांड्यांच्या बुडाला. गीताबाई आज आहे, उद्या नाही. तिच्या मागं तो टाक कोण गळ्यात घालणार? आणि मग तुळजा नावाची बाई ह्या घरात आली होती, नांदली होती, मेली होती, ह्याला पुरावा म्हणून चांदीचं एक ताट. त्याच्यावरही उद्या मशीन फिरणार.

दुसऱ्या दिवसापासून ताटाची मागणी सुरू झाली. राजनंदिनी आधी गोड बोलली. तिनं नव्या बंगल्याबरोबर सासूला आईसाहेब म्हणायला सुरुवात केली होती. गीताबाईला ते ऐकलं की वाटायचं, मागं कुणी दुसरी बाई उभी आहे काय. आईसाहेब, ताट द्या, सराफ एका दिवसात करून देतो. गीताबाई म्हणाली, किल्ली सापडत नाही. मग विजयसिंहानं गड्याला ट्रंक उचलून आणायला पाठवलं. गीताबाई ट्रंकेवर बसून शेवया करत होती. गडी आला तसा गेला.

दसरा तोंडावर आला. राधाकिशन पेटी घेऊन हॉलमध्ये आला, भिंतीत खुंट्या ठोकल्या, वाट्या, तांब्या, गुलाबदाणी सगळं आकड्यांत बसवलं. मधोमध ताटाची गोल जागा मोकळीच. लाल मखमलीवर ती अशी दिसत होती, जशी कपाळावरची टिकली पडावी. राजनंदिनी तेव्हा संभाजीनगरला साड्या आणायला गेली होती, विजयसिंह गावोगाव फिरत होता. गीताबाईनं संधी बघितली. ट्रंक उघडली, ताट काढलं, चिमूटभर रांगोळीनं आणि चिंचेच्या पाण्यानं स्वतःच्या हातानं घासलं, पुसून कोरडं केलं आणि राधाकिशनच्या पुढ्यात धरलं.

तो खूश झाला. गोल कड, आतली वेलबुट्टी, बघून म्हणाला, काकू, ह्याच्याशिवाय पेटीला जीव नव्हता. आणि बसवायला गेला. गीताबाईनं त्याचा हात धरला आणि ताट फिरवलं. बूड पुढं, वेलबुट्टी भिंतीकडं. मधोमध टिंबांची ती ओळ.

राधाकिशननं ओळ वाचली, तिच्याकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "काकू, मालक मला उलटं टांगतील."

"तू ताट उलटं टांग," गीताबाई म्हणाली. "तुला टांगायला कुणी आलं तर मी हाय."

त्यानं बरंच काही सांगून बघितलं. पुढची बाजू म्हणजे शोभा, मागची बाजू म्हणजे बूड. लोक हसतील. बुडाला जुन्या चरांत काळं राहिलं होतं, ते तरी काढू द्या. गीताबाईनं तेही काढू दिलं नाही. काळं अक्षरांत बसलंय म्हणूनच अक्षरं दिसतात, म्हणाली. शेवटी त्यानं घाम पुसत ताट बसवलं, खडू ठेवले, काच लावली आणि चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या. चहा न पिता गेला. त्याची नजर तिच्या गळ्यातल्या टाकावर गेली होती, जाताना दबकत म्हणाला, हाही छान दिसला असता मखमलीवर. गीताबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो हातोडी तिथंच विसरला.

राजनंदिनी साड्यांच्या पिशव्या घेऊन आत आली आणि दारातच थबकली. आधी तिला कळेना काय चुकलंय. कळलं तेव्हा पिशव्या खाली पडल्या. घरात ताट पालथं घालत नाहीत, आईसाहेब, ताट पालथं घालतात ते सुतकात. वास्तुशांतीच्या घरात एवढं मोठं अशुभ.

"पालथं कुठं हाय? उभं हाय," गीताबाई म्हणाली. "भिंतीवरचं ताट ना उताणं ना पालथं. आन ज्या बाईच्या ताटात जेवलात तिचंच नाव घासून काढलं, ते शुभ का?"

विजयसिंह आला. त्यानं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि गड्याला पक्कड आणायला सांगितलं. गीताबाई पेटीखालच्या दिवाणावर जाऊन बसली, पदर खोचला, पाय वर घेतले.

"काढ," ती म्हणाली. "मी अडवत न्हाई. म्हातारीच्या अंगात जोर न्हाई राहिला. पण मग साहेब आले की मी तोंडानं सांगंन. कुणाची चांदी, कुणी आणली, कुणी नावं घासली, पैल्यापासून सांगंन. आता तूच बघ इजू, तुला कोणतं परवडतं. लिहिलेलं गप बसतं. माझं तोंड गप बसत न्हाई, हे तुला लहानपणापासून म्हाईत हाय."

विजयसिंह गड्याला म्हणाला, राहू दे पक्कड. गीताबाईनं ओळखलं, हा ऐकल्यासारखं करतोय म्हणजे डोक्यात काहीतरी शिजतंय. अर्जुनरावांचंच रक्त.

काय शिजत होतं ते दसऱ्याच्या सकाळी दिसलं. बंगल्याला झेंडूची तोरणं लावली होती, दारोदार, खिडकीखिडकीला. आणि हॉलमधल्या पेटीला मांडीएवढा जाड झेंडूचा हार घातलेला, तो बरोबर मधल्या ताटावर लोंबत होता. नावाचं एक टिंबसुद्धा दिसत नव्हतं. भोवतीनं वाट्या चमकत होत्या. बघणाऱ्याला वाटावं, केवढी भक्ती.

पूजा झाली. माणसं येऊ लागली. गीताबाईनं हरिबाला निरोप धाडला होता, विजयसिंहानं धाडला नव्हता. हरिबा आणि त्याची बायको तेजश्री टेंपोतून उतरून आले. दोन दिवसांनी त्यांची टोळी निघायची होती. हातात आहेराची पिशवी, पायात धूळ. दारातल्या पांढऱ्या फरशीकडं बघून दोघांनी चपला लांबच काढल्या. गीताबाईनं त्यांना हाताला धरून हॉलमध्ये आणलं आणि मधल्या दिवाणावर बसवलं. राजनंदिनीच्या भुवया वर गेल्या, तिनं त्या तिथंच राहू दिल्या.

मग साहेब आले. मागं माणसांची रीघ. विजयसिंह त्यांना थेट पेटीपुढं घेऊन गेला आणि बोलायला लागला, आमचे पणजोबा, निजाम सरकार, मानाची चांदी. साहेब मान हलवत होते. हरिबा ऐकत होता. त्याच्या तोंडावर काही आलं नाही, फक्त त्यानं आहेराची पिशवी मांडीवरून खाली ठेवली, जणू आता द्यायची का नाही ते कळेना. गीताबाईनं ते बघितलं. एवढा वेळ तिनं स्वतःला आवरलं होतं, कारण शब्द दिला होता की लिहिलेलं असेल तर ती बोलणार नाही. पण लिहिलेलं झाकलं होतं. शब्द आधी त्यानं मोडला.

ती पुढं झाली, साहेबांना नमस्कार केला, आणि दोन्ही हातांनी हार उचलून पेटीवरून काढला.

"हार घातला ते बरं केलंस बाबा," ती मुलाला म्हणाली. "पण माणसाच्या तोंडावर कुणी घालतं का? गुदमरंल ती."

पुढं उभे असलेले लोक काचेकडं वाकले. साहेबांनी चष्मा वर केला आणि टिंबं जुळवत मोठ्यानं वाचलं, तुळजा हिस वडिलांकडून आंदण, शिरूर. मग विजयसिंहाकडं वळून विचारलं, "ह्या कोण?"

विजयसिंहाच्या डोक्यात काय काय फिरलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक, पण पुढारी माणूस, पाण्यात टाकला तरी कोरडा बाहेर येणार. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, तेच सांगणार होतो साहेब, निजामाची गोष्ट लोक सांगतात ती सांगितली, खरी गोष्ट ही, आमच्या घरात बाईचा मान पहिला, म्हणून मुद्दाम नावाची बाजू पुढं ठेवली. ही आमच्या आईची...

"आईची न्हाई," गीताबाई म्हणाली. "आई इथं उभी हाय. कुणाची?"

"थोरल्या आईची."

"तिला नाव हाय."

सगळ्या घरानं ज्या नावाला आजवर तोंड लावलं नव्हतं, ते त्याच्या जिभेवर आलं आणि अडलं. साहेब वाट बघत होते. मागचे लोक वाट बघत होते. राजनंदिनी दाराशी उभी होती, तिच्या हातात पेढ्यांचं ताट तसंच.

"तुळजाबाई," विजयसिंह म्हणाला.

"कुणाची लेक?"

त्यानं दिवाणाकडं बघितलं. हरिबा उठून उभा राहिला होता, टोपी हातात धरून.

"ह्यांच्या आजोबांची," विजयसिंह म्हणाला. "शिरूरच्या बैलवाल्यांची."

साहेब म्हणाले, वा, आणि लोकांनीही वा वा केलं. कुणीतरी टाळी वाजवली, तिला आणखी टाळ्या मिळाल्या. विजयसिंहाच्या खांद्यावर साहेबांनी हात ठेवला आणि तो लगेच पुढची दोन वाक्यं बोलून गेला, मातृशक्ती, संस्कार, असलं काहीतरी. गीताबाईला ते ऐकताना कळत होतं की उद्यापासून हा हीच गोष्ट गावोगाव सांगणार, तिखटमीठ लावून, आणि त्यात स्वतःला शहाणा करून घेणार. सांगू दे. खोटं बोलायचंच असेल तर निदान खऱ्या बाईचं नाव घेऊन बोल.

हरिबा काचेजवळ गेला. त्याला वाचता येत होतं, पण तो वाचत नव्हता, नुसता बघत होता. आज्यानं मरताना विचारलं होतं म्हणे, लेकीची भांडी असतील का मोडली. घरातल्या कुणाला सांगता आलं नव्हतं. तेजश्रीनं काचेवर बोट ठेवलं आणि राजनंदिनीकडं बघून पटकन मागं घेतलं. राजनंदिनी पदरानं काच पुसायला पुढं आली, मग तीही थांबली आणि पेढ्यांचं ताट तेजश्रीपुढं धरलं.

बाहेर मांडवात पत्रावळी मांडून झाल्या होत्या. आचारी विचारायला आला, पहिल्या पंगतीला कोण बसणार, साहेबांबरोबर कोणाकोणाला बसवायचं. विजयसिंह नावं मोजायला लागला, सभापती, संचालक, अमुक सरपंच.

गीताबाईनं हरिबाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पुढं ढकललं.

"माहेरची माणसं पैल्या पंगतीला," ती आचाऱ्याला म्हणाली. "बाकीचे जिथं जागा गावंल तिथं बसतील."